माळावरची उद्योगनगरी : लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचे एक स्थानक लागते. पूर्वी ह्या स्थानकाचे नाव कुंडल रोड असे होते. एखाद्या गावाला संताचे, राजाचे किंवा सेनापतीचे नाव मिळणे आपल्याकडे नवलाचे नाही. परंतु ज्याने लोखंडाचे नांगर ओतले आणि कडबा कापण्याची यंत्रे विकली, अशा माणसाचे आडनाव एका गावाला व रेल्वे स्थानकाला लागावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आज महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्याला औद्योगिक वसाहती आहेत. आखीव भूखंड, पाण्याची टाकी, विजेचे उपकेंद्र आणि रुंद रस्ते म्हणजे औद्योगिक वसाहत, अशी आपली समजूत झाली आहे. पण ह्या वसाहती निर्माण करणारे सरकारी महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले. त्याच्या बावन्न वर्षे आधी एका चित्रकला शिक्षकाने निवडुंगाने भरलेल्या माळावर उद्योगाची वसाहत उभी करून दाखविली होती. ती त्याने कशी उभी केली, हे पाहणे विद्यार्थ्यांना व पालकांना सारखेच उपयोगी पडेल.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी त्या वेळच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या खेड्यात झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात विद्येचे वातावरण होते. पण धाकट्या लक्ष्मणचे मन शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. त्याला दोन गोष्टींचे वेड होते : चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे. अशा मुलाला आपल्याकडे उनाड ठरविण्याची रीत आहे. लक्ष्मणच्या सुदैवाने वडीलबंधू रामूअण्णा त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली तो मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

तेथे एक अडचण उभी राहिली. लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नसे. रंगांधळेपणा असलेल्या माणसाने चित्रकार होण्याची आशा कशी धरावी? रंग सोडावे लागले. पण रेषा सुटली नाही. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास चालू ठेवला. यंत्राचा प्रत्येक भाग समोरून कसा दिसतो, वरून कसा दिसतो, छेद घेतला तर आत काय दिसते, हे कागदावर मापाने उतरविणारी ती विद्या. पुढे लक्ष्मणरावांनी जे जे यंत्र केले ते आधी कागदावर उमटले आणि मग लोखंडात ओतले गेले. एक दार बंद झाले म्हणून रडत न बसता शेजारचे दार ढकलून पाहण्याचा त्यांचा स्वभाव येथेच प्रथम दिसून येतो.

ह्याच विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत यांत्रिक रेखाटनाच्या सहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. ही संस्था १८८७ साली स्थापन झालेली होती. आता ती वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. शिकवून उरलेल्या वेळात लक्ष्मणराव तेथील कार्यशाळेत यंत्रांशी खटपट करीत. शिक्षकाने शाळेत शिकवावे आणि शिकावेही, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

सायकलपासून नांगरापर्यंत

मुंबईच्या रस्त्यावर एका माणसाला सायकल चालविताना पाहून लक्ष्मणरावांच्या मनात व्यापाराची कल्पना आली. त्या काळी सायकल ही श्रीमंतांच्या चैनीची वस्तू होती. १८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा बेळगावात त्या विकीत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. वस्तू विकून मोकळे न होता ती वापरायला शिकविणे, हा धडा त्यांनी ह्या छोट्या दुकानात गिरविला व पुढे नांगरांच्या वेळी तो कामी आला.

मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांचा बढतीचा हक्क होता. पण ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. परक्यांच्या राज्यात असे होणे नेहमीचेच होते. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. ठरलेल्या तारखेला मिळणारा पगार सोडून अनिश्चित धंद्यात उतरणे आजही सोपे नाही. मग त्या काळी, पांढरपेशा घरातील माणसाने हे करणे किती कठीण असेल, ह्याची कल्पना करावी.

बेळगावात त्यांनी प्रथम कडबा कापण्याची यंत्रे केली. गुरांना अखखा कडबा टाकला की बराचसा पायाखाली जातो. तोच कापून घातला तर वाया जात नाही. हिशेब साधा होता. त्यानंतर १९०३ च्या सुमारास ते लोखंडी नांगराकडे वळले. आपला लाकडी नांगर जमीन उकरतो, पण उलथीत नाही. हरळी आणि कुंद्यासारख्या तणांची मुळे खोल जातात. ती निघायची तर माती तळापासून उलटली पाहिजे. लोखंडी नांगराचा फाळ व त्यामागचे वळणदार पाते हे काम करतात. विलायती नांगर बाजारात होते, पण ते महाग असत. तसेच नांगर येथे करावेत, असे लक्ष्मणरावांनी ठरविले.

नांगर तयार झाले, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. ह्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याच्या अज्ञानाला दोष दिला असता, तर त्यांचे चरित्र येथेच संपले असते. शेतकऱ्याची भीती समजण्यासारखी आहे. त्याच्याकडे जमीन एकच असते आणि हंगाम वर्षातून एकदाच येतो. प्रयोग फसला तर घरात दाणा येत नाही. त्याला प्रत्यक्ष शेतात नांगरून दाखवावे लागते, मोडलेला भाग लगेच बदलून द्यावा लागतो आणि फाळ झिजला तर नवा फाळ मिळेल ही खात्री द्यावी लागते. हळूहळू ती खात्री पटली आणि मागणी वाढू लागली.

विस्थापन आणि औंधचा आधार

धंद्याचे बस्तान बसत होते, तोच नवे संकट आले. ज्या जागेवर कारखाना होता ती जागा बेळगाव नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी हवी होती. जागा सोडण्याचा हुकूम आला. भट्टी, यंत्रे, कच्चा माल आणि कामावरची माणसे घेऊन जायचे कोठे? किराणा मालाचे दुकान एका पेठेतून दुसऱ्या पेठेत हलविता येते; ओतकामाची भट्टी अशी हलविता येत नाही.

ह्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांच्या मदतीला आले. ते १९०९ साली गादीवर बसले होते. ते स्वतः चित्रकार होते आणि गुणी माणसाची पारख त्यांना होती. औंध हे लहानसे संस्थान. त्याचा मुलूखही सलग नव्हता, तुकड्यातुकड्यांत विखुरलेला होता. तिजोरी मोठी नव्हती. तरीही राजेसाहेबांनी लक्ष्मणरावांना दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि आपल्या हद्दीत वाटेल तेथे जागा निवडण्याची मुभा दिली.

लक्ष्मणरावांनी निवडलेली जागा पाहून कित्येकांनी कपाळाला हात लावला असेल. कुंडल रोड स्थानकाजवळचा बत्तीस एकरांचा तो माळ होता. सगळीकडे निवडुंग माजलेला, पाण्याचे हाल आणि नागसापांचा सुळसुळाट. मग हीच जागा का? कारण शेजारी रेल्वे होती. बिडाचे लोखंड आणि कोळसा जड असतो. तयार नांगरही जड असतो. कच्चा माल दुरून येणार आणि पक्का माल दूरवर जाणार, तर बैलगाडीच्या भाड्यातच नफा जिरून जातो. निवडुंग तोडता येतो, विहीर खोदता येते. पण रेल्वेचा रूळ आपल्या दारी आणता येत नाही. आज औद्योगिक वसाहतीची जागा ठरविताना अधिकारी नकाशावर प्रथम रस्ता व लोहमार्ग पाहतात. लक्ष्मणरावांनी १९१० साली नेमके हेच पाहिले.

माणसांची वसाहत

१९१० साली सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे ह्या माळावर राहायला आली. आधी निवडुंग तोडला, मग छपरे उभी राहिली, मग भट्टी पेटली. लक्ष्मणराव स्वतः कारखान्यात राबत होते. रामूअण्णांनी वसाहतीचा संसार हाती घेतला. घरे, रस्ते, पाणी, स्वच्छता, आजारपण ही सारी कामे त्यांच्याकडे होती. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनीही ह्या माळावरच्या कष्टांत आपला वाटा उचलला. ज्या ठिकाणी बाजार नाही, दवाखाना नाही, शेजार नाही, तेथे कामगार टिकतो तो त्याच्या घरातील बाईमाणूस टिकले तर. उद्योगाच्या इतिहासात ह्या गोष्टीची नोंद क्वचितच होते.

ह्या वसाहतीत कोणकोण होते ते पाहिले म्हणजे शिक्षक ह्या नात्याने मला विशेष विचार करावासा वाटतो. कारभार सांभाळणारे के. के. कुलकर्णी मॅट्रिकला नापास झालेले होते. शंभूराव जांभेकर आणि अनंतराव फळणीकर ह्यांचे शिक्षण अर्धवट सुटलेले, पण पुढे दोघेही कल्पक यंत्रज्ञ ठरले. मंगेशराव रेगे हिशेबाची बाजू सांभाळीत. एवढेच नव्हे, तर दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी वसाहतीचे रखवालदार नेमले, आणि त्यांनी ती राखण इमानाने केली. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. हे १९१० नंतरच्या महाराष्ट्रात, एका खेड्याच्या वेशीजवळ घडत होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

परीक्षेत नापास झालेला मुलगा कामात नापास होईलच असे नाही. मात्र ह्याचा अर्थ शिक्षण नको असा कोणी घेऊ नये. माळावर आलेली ही माणसे रोज काहीतरी शिकत होती. पॅटर्न कसा करावा, वाळूचा साचा कसा बसवावा, ओतीव तुकड्यात हवा का कोंडते, लेथवर माप किती काटेकोर ठेवावे, हे त्यांनी भट्टीशेजारी उभे राहून शिकून घेतले. कारखाना हीच त्यांची शाळा झाली आणि लक्ष्मणरावांच्या रूपाने त्यांना यांत्रिक रेखाटनाचा शिक्षक मिळाला. त्यांनी नोकरी सोडली. शिकविणे सोडले नाही.

वाढ, आगीची रात्र आणि पुन्हा उभारणी

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगरांची आवक रोडावली आणि देशी नांगरांना मागणी आली. पण त्याच वेळी लोखंड व कोळसा मिळणे कठीण झाले. ह्या ओढाताणीतून कारखाना तरला. १९२० साली त्याचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. त्याच साली किर्लोस्कर खबर हे मासिक निघाले. पुढे स्त्री आणि मनोहर ही भावंडे त्याला मिळाली आणि पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ह्या माळावरून निघणारी मासिके मराठी घराघरांत वाचली जाऊ लागली. नांगर आणि मासिक एकाच वाडीतून बाहेर पडावे, हे मराठी मुलखाचेच वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

नांगरामागून उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, लोखंडी फर्निचर व पाणी उपसण्याचे पंप अशी उत्पादने निघाली. १९२६ पासून पंपांचे काम सुरू झाले आणि पुढे तेच ह्या कारखान्याचे मुख्य काम ठरले. अमेरिकेत यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन १९२६ साली परतलेले ज्येष्ठ चिरंजीव शंतनुराव ह्यांनी कामाला नवी दिशा दिली. १९४१ साली हरिहरला यंत्रे बनविणाऱ्या यंत्रांचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा. माळावरच्या रोपाची कलमे दूरदूर लागली.

१९४८ च्या सुरुवातीस, महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जमावाने पेटवून दिला. जो कारखाना आसपासच्या गावांना रोजगार देत होता, तोच त्या आगीत सापडला. लक्ष्मणराव त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभराची मेहनत डोळ्यांदेखत जळालेली पाहणे ही केवढी कठोर परीक्षा! पण राखेचा ढीग उपसून कारखाना पुन्हा उभारण्यात आला, तोही त्याच जागी. एका माणसाच्या अपराधाची शिक्षा त्याच्या जातीच्या किंवा समाजाच्या निरपराध माणसांना देण्याची वृत्ती किती घातकी असते, हे सांगायला ह्याहून वेगळा दाखला नको. आणि तिला उत्तर कसे द्यावे, हेही ह्याच घटनेत दिसते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

एका कारखान्यापासून औद्योगिक पट्ट्यापर्यंत

लक्ष्मणरावांचे चरित्र येथे संपते. पण त्यांच्या कामाचा अर्थ येथे संपत नाही. उद्योग एकटादुकटा राहत नाही, तो सोबत शोधतो. औंधच्या त्याच राजेसाहेबांच्या आश्रयाने १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला आणि ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघर लागला. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर व पुढे इंजिने होऊ लागली. कोल्हापुरात ऑइल इंजिने आणि ओतकामाचे छोटे कारखाने उद्यमनगरात गर्दीने उभे राहिले. नंतर शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे औद्योगिक वसाहती झाल्या. सांगली, सातारा, कोल्हापूर हा आज ओतकाम व यंत्रकामाचा एक मोठा पट्टा आहे.

असे पट्टे का तयार होतात? एका कारखान्याला पॅटर्न करणारा सुतार लागतो. त्याच्याजवळ काम उरले की तो शेजारच्या दुसऱ्या कारखान्याचे काम घेतो. वाळू, बीड आणि कोळसा पुरविणारा व्यापारी एका गिऱ्हाइकासाठी गोदाम ठेवीत नाही, दहांसाठी ठेवतो. लेथवर हात बसलेला कामगार काही वर्षांनी स्वतःचे शेड टाकतो आणि जुन्या मालकाचेच सुटे भाग करून देतो. त्याचा मुलगा शाळा सुटल्यावर शेडमध्ये जातो आणि कोणी न शिकविता मापाची भाषा शिकतो. जेथे असे हात एकवटतात, तेथे नवा उद्योग काढणाऱ्याला अर्धी तयारी आयती मिळते. ही तयारी सरकारी आदेशाने होत नाही. तिला एक दोन पिढ्या लागतात.

म्हणूनच भूखंड पाडले म्हणजे उद्योग आला, असे होत नाही. रस्ते झाले, दिवे लागले, फलक लागला आणि भूखंडांवर मात्र गवत उगवले, अशा वसाहतीही आपण पाहिल्या आहेत. १९१० सालच्या माळावर ह्यांपैकी एकही सोय नव्हती. पण काम जाणणारी पंचवीस कुटुंबे होती, माल घेणारा शेतकरी होता, दाराशी रेल्वे होती आणि पाठीशी विश्वास टाकणारा राजा होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका कारखान्याच्या आधाराने वसलेले गाव त्या कारखान्याच्या नाडीवर जगते. मालक उदार आणि दूरदर्शी असेल तर गाव सुखी. पण सगळेच मालक लक्ष्मणराव नसतात आणि सगळेच राजे बाळासाहेब नसतात. पुढे ओगलेवाडीचा काचकारखाना बंद पडला, तेव्हा हे कळून आले. सार्वजनिक औद्योगिक वसाहतीची कल्पना ह्याच कारणासाठी योग्य आहे : तेथे शंभर लहान उद्योग असतात, एक बुडाला तरी नव्व्याण्णव उरतात, आणि भूखंड मिळविण्यासाठी कोणाची राजाशी ओळख असावी लागत नाही. निदान ती लागू नये, एवढी अपेक्षा आपण ठेवू या.

आमच्या वर्गांत दरवर्षी असे काही विद्यार्थी असतात, ज्यांची वही चित्रांनी भरलेली असते, जे बिघडलेला पंखा उघडून बसतात आणि गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहतात. कुणाचे वडील गॅरेजमध्ये आहेत, कुणाचे मागावर, कुणाचे वेल्डिंगच्या दुकानात. ह्या मुलांचे निकालपत्र पाहून पालक निराश होतात आणि कधीकधी आम्ही शिक्षकही हात टेकतो. अशा मुलाला शाळेतून काढून कुठेतरी चिकटवून देण्यापूर्वी त्याच्या हातात एक पट्टी, एक कंपास आणि एक कोरा कागद द्यावा आणि समोरच्या वस्तूचे मापाने चित्र काढायला सांगावे. त्याचे हात काय जाणतात ते पाहावे. मग त्याला तंत्रशाळेची किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची वाट दाखवावी. तेथील शिक्षण कमी प्रतीचे आहे, हा समज आपण मनातून काढून टाकला पाहिजे.

रंग न ओळखणारा एक विद्यार्थी रेषेच्या आधाराने उभा राहिला आणि त्याने एका माळाचे नगर केले. आपल्या गावाबाहेरही माळ आहेत आणि आपल्या वर्गांत अशी मुलेही आहेत. त्या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम समाजाचे, पालकांचे आणि आम्हा शिक्षकांचे आहे.